सीतेच्या वेणीला बांडगूळ म्हणू नका

ज्येष्ठ लागला की मला येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो. एरवी जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण आणि वाळलेली तुळस यापलीकडे न जाणारे वाचक एकदम मान वर करून झाडांकडे बघायला लागतात, कारण वर काहीतरी जांभळं-पांढरं लोंबत असतं. या खेपेच्या टपालात एकाच वनस्पतीबद्दल पाच पत्रं निघाली, म्हणून सगळं सदर तिलाच दिलंय. बाकीच्यांनी राग मानू नये. जास्वंद कुठे पळून जात नाही.

प्रश्न : बाई, नमस्कार. आमच्या परसात आजेसासऱ्यांनी लावलेला रायवळ आंबा आहे. त्याच्या बेचक्यात आणि जाड फांद्यांवर पट्ट्यासारख्या पानांचे झुबके आहेत. पावसाच्या तोंडावर त्यांतून हातभर लांब फुलांचे घोस लोंबतात. गेली दोन वर्षं आंबा कमी धरतोय. दीर म्हणतात, हे बांडगूळ झाडाला खातंय, कोयत्याने खरवडून टाकू. फोटो पाठवते आहे. काय करावं?
– एक वाचक भगिनी, देवरुखजवळून

उत्तर : भावोजींच्या हातातला कोयता आधी खुंटीला लावा, मग पुढचं वाचा.

तुमच्या आंब्यावर आहे ती सीतेची वेणी. काही जण हिला नुसतंच आमरी म्हणतात, पण ते आडनाव झालं. झाडावर वाढणाऱ्या कितीतरी ऑर्किडांना आपल्याकडे आमरीच म्हणतात. हिचं शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा. आणि ही बांडगूळ नाही. बांडगुळाचा पत्ता वेगळा, धंदाही वेगळा.

खरं बांडगूळ तुम्ही नक्की पाहिलं असेल. आंब्यावर, चिकूवर येतं. जाडसर पानं, नारिंगी-लाल नळीसारखी फुलं. त्याचं फळ फुलटोच्या नावाचा चिमुकला पक्षी खातो आणि चिकट बी फांदीवर पुसून टाकतो. ते रुजलं की मुळासारखा खुंट सालीतून थेट लाकडात घुसवतं आणि आंब्याचं पाणी, क्षार ओढून घेतं. जिथे ते चिकटलेलं असतं तिथे फांदी गाठीसारखी सुजते. ते काढायचं तर फांदीसकट, आणि जरूर काढा.

आता सीतेच्या वेणीकडे या. शिडी लावून कोणाला तरी वर चढवा (भावोजींनाच चढवा, म्हणजे त्यांचंही समाधान होईल). बोटाएवढी जाड, राखाडी-पांढरी मुळं सालीवरून सापासारखी गेलेली दिसतील. त्यांतलं एखादं मेलेलं, वाळकं मूळ नखाने उचलून बघा. ते सालीवरून सुटून येईल आणि खाली साल जशीच्या तशी असेल. भोक नाही, गाठ नाही. मुळाची पकड सालीच्या वरवरच्या खडबडीतपणाला असते, आत शिरकाव नसतो. ती आंब्याकडून फक्त जागा घेते. अन्न तिचं ती बनवते, पाणी पावसाचं आणि धुक्याचं, क्षार सालीवरून ओघळणाऱ्या पाण्यातले आणि बेचक्यात साचलेल्या पाल्याच्या कुजीतले.

आंबा कमी का धरतो? रायवळ आंब्याला एका वर्षाआड भरभरून धरायची सवयच असते. भरलेल्या वर्षानंतर झाड दमतं. सलग दोन वर्षं कमी आहे म्हणता, तर मोहोराच्या दिवसांत तुडतुडे होते का, ढगाळ हवा होती का, भुरी आली होती का, हे आठवून बघा. आजेसासऱ्यांच्या हातचं झाड म्हणजे वयही झालं. वाळक्या फांद्या काढा, आत ऊन जाऊ द्या. एखाद्या वाळक्या फांदीवर आमरीचा झुबका असेल तर तेवढा अलगद सोडवून जिवंत फांदीवर हलवा. कसा ते शेवटच्या उत्तरात सांगितलंय.

ती तिथे जगते कशी, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. सह्याद्रीत चार महिने धो धो आणि आठ महिने कोरडं. जमिनीतली झाडं खाली पाणी शोधतात; हिच्या मुळांना जमीनच नाही. मग तिने मुळालाच अंगरखा घातला. मूळ पांढरं दिसतं ते त्याच्यावरच्या मेलेल्या, पोकळ पेशींच्या थरामुळे. हा थर म्हणजे स्पंज. मी वर्गात दरवर्षी एक प्रयोग करायचे : वाळलेल्या चंदेरी मुळावर ड्रॉपरने एक थेंब सोडायचा. बघता बघता थेंब शोषला जातो आणि तेवढाच ठिपका हिरवा होतो, कारण ओला थर पारदर्शक होतो आणि आतला हिरवा गाभा दिसू लागतो. हो, या मुळांनाही हरितद्रव्य असतं. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा तेवढ्यापुरती उठून यायची.

पानंही त्याच हिशेबाची. जाड, चामड्यासारखी, मधोमध पन्हाळीगत खोलगट. पन्हळीतून पाणी बुडख्याकडे, म्हणजे मुळांकडे येतं. अशी जाड पानं असलेल्या अनेक आमऱ्या दिवसा पानांवरची रंध्रं मिटून ठेवतात आणि रात्री उघडतात. लागणारा कार्बन डायऑक्साइड वायू रात्रीच्या गारव्यात आत घेऊन साठवायचा आणि दिवसा उन्हात तो वापरायचा. दुपारच्या उन्हात दार उघडून पाणी गमवायचं नाही, एवढा साधा व्यवहार.

आता पानाचं टोक बघा. उंदराने कुरतडल्यासारखं, दोन असमान कानांचं. ‘रेट्युसा’ म्हणजे बोथट, खाच पडलेलं. नाव त्या टोकावरून आलंय. ‘ऱ्हिंकोस्टायलिस’चं पुढच्या उत्तरात सांगते.

हे नाव देण्याच्या आधीचीही एक गोष्ट आहे. डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड याने केरळातल्या वैद्यांच्या मदतीने मलबारच्या वनस्पतींचा १२ खंडांचा सचित्र ग्रंथ तयार केला. तो १६७८ ते १६९३ या काळात छापला गेला. त्याच्या शेवटच्या खंडात ही आहे, ‘आंसेली मरवरा’ या नावाने. आंसेली म्हणजे मल्याळममधलं आंजिली, आपला रानफणस. मरवरा म्हणजे मरवाळ. मर म्हणजे झाड आणि वाळ म्हणजे केळ : रानफणसावरची ‘झाडकेळ’. तिथल्या माणसांनी ती कुठे राहते हे नावातच सांगून टाकलं होतं. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली तिला लॅटिन नाव दिलं, तेव्हा याच चित्राचा आधार घेतला. १८२५ मध्ये ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिच्यासाठी आजची प्रजाती उभी केली.

तेव्हा तुमच्या परसातली ही पाहुणी एकट्या कोकणाची नाही. सह्याद्री, पूर्व घाट, हिमालयाचा पायथा, ईशान्य भारत, श्रीलंका, नेपाळ, म्यानमार, थायलंड, तिथून खाली मलेशिया-इंडोनेशियापर्यंत उष्ण कटिबंधातल्या आशियात तिची वस्ती आहे. समुद्रसपाटीजवळच्या गावठाणापासून हजार-बाराशे मीटरपर्यंतच्या रानात ती आढळते. अगदी काळोख्या रानात खाली बुंध्याला ती फारशी रमत नाही आणि शेंड्यावरच्या कडक उन्हातही नाही. मधल्या जाड फांद्या, बेचके, गाळून आलेलं ऊन, वाहती हवा हे तिचं घर. झाड मात्र निवडून घेते. आंबा, ऐन, फणस यांची साल खडबडीत, शेवाळ धरणारी. नाणा किंवा पेरूसारखं सालपट टाकणारं झाड तिच्या काय कामाचं? मुळांनी पकड घ्यावी आणि पायाखालची सतरंजीच निघून यावी!

प्रश्न : मॅडम, मी अकरावी विज्ञानला आहे. आमच्या शाळेमागच्या ऐनावर सीतेची वेणी फुलली आहे. वाऱ्याने पडलेली एक वेणी मी घरी आणली. भिंगातून काय काय बघू? आणि एवढी फुलं येतात तरी नवीन रोपं का दिसत नाहीत?
– एक विद्यार्थिनी, राधानगरी तालुका

उत्तर : पडलेलीच आणलीस, शाबास. पडलेल्यावर सगळ्यांचा हक्क.

आधी फुलं मोज. शंभराच्या आसपास भरतील, कधी जास्तही. एकाच दांड्याभोवती इतकी गच्च बसलेली असतात की दांडा दिसत नाही. मोगऱ्याची दाट ओवलेली वेणी आठव, म्हणजे नाव कुठून आलं ते कळेल. दांडा पानाच्या बगलेतून निघतो आणि खाली लोंबतो. शेंड्याकडून नाही, कारण शेंड्याला वाढीचं काम आहे. या झाडाला एकच खोड, ते टोकाकडून वाढत जातं, खालची जुनी पानं गळतात आणि तिथून नवी मुळं फुटतात. कांद्यासारखा फुगीर कंद, जो इतर बऱ्याच आमऱ्यांना असतो, तो हिला नाही.

आता एक फूल तोडून तळहातावर घे. दोनेक सेंटीमीटरचं असेल. पाच पाकळ्या पांढऱ्या, त्यांवर जांभळट-गुलाबी ठिपके, जणू कोणी ब्रश झटकलाय. (पाचही पाकळ्या नाहीत खरं तर, बाहेरची तीन निदलं, आतली दोन दलं. परीक्षेत नीट लिही.) सहावी वेगळीच : गडद गुलाबी-जांभळी, पुढे आलेली. ती ओठ. ओठाच्या मागे बाजूंनी चेपलेली पिशवी असते. किड्याला उतरायला हा धक्का आणि डोकं घालायला ही पिशवी.

ओठाच्या वर, फुलाच्या मधोमध एक बुटका खांब दिसेल. इतर फुलांत पुंकेसर वेगळे, स्त्रीकेसर वेगळा. इथे दोन्ही एकजीव होऊन हा एकच स्तंभ झालाय. त्याचं टोक पक्ष्याच्या चोचीसारखं पुढे आलंय. ग्रीक भाषेत चोच म्हणजे ऱ्हिंकोस. झालं नाव.

खरी गंमत आता. आगपेटीची काडी घे, गुलाची बाजू नको. तिचं टोक चोचीखालून हलकेच वर सरकव आणि बाहेर काढ. टोकाला दोन पिवळे, मेणचट मणी चिकटून आलेले दिसतील, देठासकट. पहिल्यांदा नाही जमलं तर दुसरं फूल घे, शंभर आहेत. हे सगळे परागकण आहेत, पण पीठ म्हणून नाही, गोळे बांधून. देठाच्या बुडाला डिंकाचा ठिपका असतो. किडा फुलात डोकं घालून बाहेर पडताना हे गाठोडं त्याच्या अंगाला चिकटतं आणि पुढच्या फुलात स्तंभाच्या खालच्या चिकट खळग्यात जाऊन बसतं. बसलं तर! आमऱ्यांचा हा एकरकमी व्यवहार आहे. लागला तर हजारो बिया एका झटक्यात, नाही तर काहीच नाही. म्हणून आठ-दहा दिवसांनी त्याच ऐनाकडे जा. बहुतेक फुलं नुसती गळून गेलेली दिसतील. मोजक्याच फुलांनी बोंड धरलेलं असेल.

त्या बोंडांना पिकायला महिनोन्महिने लागतात. वाळून तडकली की आतून बी निघतं ते इतकं बारीक की विडीच्या राखेसारखं उडून जातं. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर या राखेत आहे. हरभऱ्याच्या दाण्यात कोंबाला पुरेल एवढी शिदोरी असते. या बीजाला शिदोरीच नाही; आईने वजन कमी करण्यासाठी डबा काढून घेतलाय. वाऱ्यावर दूर जायचं तर हलकं हवं. मग रुजायचं कशावर? सालीत राहणारी ठरावीक सूक्ष्म बुरशी त्या बीत शिरते आणि तिला भरवते, पानं फुटेपर्यंत. ती बुरशी तिथे नसेल तर बी तसंच मरतं. नोएल बेर्नार या फ्रेंच तरुणाने हे १८९९ मध्ये ओळखलं. १९२२ मध्ये अमेरिकेतल्या लुईस नडसनने बुरशीऐवजी काचेच्या नळीत साखर देऊन बी रुजवून दाखवलं, आणि आज रोपवाटिकेत जी ऑर्किडची रोपं मिळतात ती त्या वाटेने येतात. पण रानात साखर घालायला कोण जाणार? लाखांत एखाद-दुसरं बी, योग्य सालीवर, योग्य बुरशीजवळ, योग्य पावसात पडतं. आणि त्याला फूल यायला पुढे कित्येक वर्षं.

ऐनाची साल मात्र मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते. भिंग घेऊन त्या भेगांत शोध. दोन-तीन पानांची, नखाएवढी रोपं कधीकधी सापडतात. सापडली तर मला कळव.

प्रश्न : आमच्या गावातले जाणकार हिला रास्ना म्हणतात आणि मुळ्या संधिवातावर देतात. खरं का?
– कुडाळ

उत्तर : रास्ना या एका नावाखाली देशात निदान तीन झाडं विकली जातात. उत्तरेत सूर्यफुलाच्या कुळातली प्लुचिया लॅन्सिओलाटा, केरळात आल्याच्या कुळातलं कुलंजन, आणि बंगालकडे वांदा टेसेलाटा ही आमरी. सीतेची वेणीही त्या घोळात कधीकधी ओढली जाते. औषधाचं वैद्यांना विचारा, मी वनस्पतीची बाई. एवढं सांगते की या झाडाची मुळं काढली की झाड संपलं.

जाता जाता, वांदा हे जे प्रजातीचं नाव जगभर चालतं ते संस्कृतातल्या ‘वन्दाक’वरून गेलंय, आणि त्या शब्दाचा एक अर्थ बांडगूळ. आळ किती जुना आहे बघा.

प्रश्न : सोबतचा फोटो सीतेच्या वेणीचाच ना?
– महाबळेश्वरला फिरायला गेलेले एक वाचक

उत्तर : नाही. ठिपके आणि गुलाबी रंग बघून फसलात. ही एरिडीस मॅक्युलोझा. फुलं जरा सुटी-सुटी, मधला दांडा दिसतो, ओठ चांगला पसरट आणि गुलाबी. भारताबाहेर ही सापडत नाही, तेव्हा फसलात तरी तोट्यात नाही.

प्रश्न : मागच्या महिन्यात आंबोलीच्या सहलीत रस्त्याकडेला ही फुललेली दिसली. एक झुबका काढून आणला. कुंडीत चांगली माती, शेणखत घालून लावला, रोज पाणी देतो. पानं पिवळी पडून खालून गळताहेत. कोणतं खत घालू?
– एक हौशी बागकाम करणारे गृहस्थ, कोल्हापूर

उत्तर : रागवायच्या आधी कबुली देते. एम.एस्सी.ला असताना मीही हेच केलं होतं, आणि तेही आंबोलीतूनच. फुललेली वेणी बघितली, फांदीवरून झुबका ओढून काढला, निम्मी मुळं तिथेच तुटून राहिली. वसतिगृहाच्या खिडकीत कुंडीत लावली. माती, खत, रोज तांब्याभर पाणी. महिन्याभरात मुळं उकडलेल्या शेवयांसारखी झाली. घाबरून कुंडी आमच्या सरांकडे नेली. त्यांनी ती उलटी केली, मुळांचा वास घेतला, आणि कुंडी माझ्या हातात परत दिली. बोलले काहीच नाहीत. मी अजून तो वास विसरलेले नाही.

तुमच्या मुळांचंही तेच चाललंय. वर सांगितलं तो स्पंज हवेत वाळायला हवा. मातीत तो सतत ओला राहतो, श्वास कोंडतो, कुजतो. खत कसलंही नको. आज संध्याकाळीच कुंडी फोडा. कुजलेली, मऊ, पोकळ मुळं धारदार कात्रीने कापा. दाबल्यावर टणक लागतात ती ठेवा. एक दिवस सावलीत, वाऱ्यावर उघडी ठेवा.

मग खडबडीत सालीचं जिवंत झाड बघा, आंबा असेल तर उत्तम. पूर्वेकडची बाजू निवडा, म्हणजे सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी सावली. रोप फांदीच्या बाजूला बसवा, किंचित खाली कललेलं, म्हणजे पानांच्या मधल्या गाभ्यात पाणी साचणार नाही. पाणी साचलं की गाभा कुजतो, आणि हिचा वाढीचा कोंब तोच एक. मुळांखाली नारळाच्या सोडणाचा एक पातळ तुकडा चालेल, मुळांवर काहीही झाकू नका. जुन्या सुती साडीची पट्टी किंवा सुतळी घेऊन घट्ट बांधा. घट्ट म्हणजे हलवलं तर हलता कामा नये. हलत राहिलं की नव्या मुळाचं टोक घासून मरतं. तार वापरू नका, फांदीला कापते.

पावसाळाभर हात लावायचा नाही. पाऊस सरल्यावर दोन-तीन दिवसांआड सकाळी मुळांवर पाणी शिंपडा, चंदेरी मुळं हिरवी होईपर्यंत, बस्स. तुमचं नशीब की पाऊस तोंडावर आहे. नवी मुळं याच दिवसांत फुटतात.

आता रागावते. राखीव वनातून किंवा अभयारण्यातून परवानगीशिवाय असं रोप काढणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ या कायद्यांखाली गुन्हा आहे. जगातल्या यच्चयावत ऑर्किडांचा देशादेशांमधला व्यापार साइट्स या रानटी प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारात नियंत्रित केलाय, तो उगीच नाही. रस्त्याकडेचं म्हणजे कोणाचंच नाही असं नसतं. फुललेलं झाड काढलं की त्या वर्षीची बोंडं गेली, म्हणजे त्या लाखांतलं एखादं बीही गेलं. हवीच असेल तर बियांपासून वाढवलेलं रोप रोपवाटिकेतून घ्या.

आसामात हिला कपौ फूल म्हणतात. तिथलं ते राज्यफूल आहे, अरुणाचलचंही. एप्रिलमध्ये बोहाग बिहूला नाचणाऱ्या मुली ही वेणी अंबाड्यात माळतात. आपण वेणी म्हणून नाव दिलं आणि त्यांनी खरंच केसांत घातली. तिकडे कितीतरी घरांच्या आवारात, सुपारीवर, फणसावर ती बांधलेली असते. जिथे राहायची तिथेच फुलू द्यायची आणि फूल तेवढं घ्यायचं.

एक सूट देते. वादळाने मोडलेल्या किंवा तोडणीत पडलेल्या फांदीवर आमरी असेल, झाड खाजगी मालकीचं असेल आणि मालकाची ना नसेल, तर ती उचला. जमिनीवर पडून ती मरणारच आहे. मुळं ओढू नका. कोयत्याने सालीचा तुकडा सोलून मुळांसकट घ्या आणि वर सांगितलं तशी बांधा. देवरुखच्या ताईंनी वाळक्या फांदीवरचा झुबकाही असाच हलवावा. दिवाळीपर्यंत नव्या मुळांची हिरवी टोकं सालीवर सरकताना दिसतील. तेव्हा सुतळी सोडायची घाई करू नका, ती आपोआप कुजून गळून पडते.